एमेटला कबूल केलेली बोट

प्रिय एमेट,

तुझं पत्र काल पोचलं. तुझी वांडा काठीशिवाय चालायला लागली हे वाचून बरं वाटलं. तू शनिवारी ट्रक घेऊन येणार, बोट मागे जोडून अंधार पडायच्या आत टल्साला परतणार, बोटीसाठी ताडपत्रीसुद्धा शिवून घेतलीस, हे सगळं वाचलं. त्या बोटीबद्दल मला तुझ्याशी बोलायचं आहे, पण ते शेवटी. आधी गेल्या गुरुवारी काय झालं ते सांगते. हॉलिस तुला काही सांगणार नाही, आणि धक्क्यावरचा डेल्मर जे सांगेल त्यातलं निम्मं त्याच्या मनाचं असेल.

तू ऑगस्टमध्ये येऊन गेलास तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणालास, ताई, हॉलिस तर ठणठणीत दिसतो. दिसतोच. एप्रिलच्या अर्धांगाच्या झटक्यानंतर पाय परत आला, ओठ सरळ झाला, बोलणं स्वच्छ झालं. उजवा हात मिटतो, उघडतो, हातोडी धरतो. फक्त त्या हाताला काही कळत नाही. खिशात हात घालतो तेव्हा किल्ली बोटांत आली की नाही ते त्याला बाहेर काढून बघावं लागतं. डॉक्टर म्हणतात, स्पर्श परत येईल किंवा येणार नाही. ते मी समजू शकते. पण तू दोनच दिवस राहिलास, त्यामुळे दुसरी गोष्ट तुझ्या ध्यानात आली नाही. हॉलिस सभ्य झाला आहे. ताट पुढे ठेवलं की म्हणतो, आभारी आहे, ओलेटा. दिवा लावला की आभारी आहे. लग्न झाल्यापासून या माणसाने माझ्या कॉफीला एकदाही बरं म्हटलेलं नाही. रोज सकाळी पहिल्या घोटाला विचारायचा, ही कॉफी आहे की काल रात्रीची भांडी विसळलीस? सप्टेंबरात एकदा मी मुद्दाम वापरलेल्याच चोथ्यावर पुन्हा पाणी ओतलं आणि तो कप त्याच्यापुढे ठेवला. त्याने सगळा संपवला. छान झाली आहे, म्हणाला. मी कोठीघरात जाऊन पिठाच्या डब्याकडे तोंड करून थोडा वेळ उभी राहिले.

ऑक्टोबरात पहिलं दव गोठलं तेव्हा तो एकटा तळ्यावर गेला. तू उन्हाळ्यातला मासेमार, एमेट. पाण्यावर काहीतरी खळखळ ओढत न्यायचं आणि बास माशाने उडी मारून ते गिळायचं, एवढंच तुला ठाऊक. थंड पाण्यातला बास तसं काही करत नाही. तो तळाशी, बुडालेल्या झाडात, अंग आखडून बसतो. जिग, म्हणजे तो शिशाच्या डोक्याचा गळ, त्याच्या नाकासमोर नेऊन ठेवायचा, आणि वाट बघायची. मग हलवायचा, तोही इतका कमी की हलवला असं आपल्यालाच वाटू नये. मासा झडप घालत नाही. जिग तोंडात घेतो आणि तिथेच थांबतो. वर आपल्यापर्यंत काय येतं? ओलं पान दोरीला चिकटावं एवढा भार. तो बोटाला कळला तर कळला. हॉलिसला तो कळायचा. दोरी तर्जनीवरून घ्यायचा आणि डोळे मिटून बसायचा, एखादा माणूस शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकतो तसा. त्या दिवशी तो गेला तसा परत आला. मासेमारीच्या काठ्या शेडमध्ये उंच खुंटीला टांगल्या. बोट फडक्याने कोरडी केली. मग आत येऊन स्वयंपाकघरातला फोन उचलला. मी बटाटे सोलत होते. एमेट, तो म्हणाला, माझी बोट तुला हवी का? डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी ये आणि घेऊन जा. तू तिकडून एवढ्या मोठ्याने ओरडलास की मला मोरीपाशी ऐकू आलं. तुझा आनंद खरा होता, आणि त्यात काही वावगं नव्हतं.

त्याचे जिग मीच बांधते हे तुला माहीत आहे. शिसं मागच्या ओसरीवर वितळवायचं, साच्यात गळ ठेवून ओतायचं, पुढे ताठ केसांचा झुपका लावायचा म्हणजे गळ फांद्यांत अडकत नाही, आणि मानेभोवती रबराच्या बारीक पट्ट्यांचा झगा बांधायचा. तपकिरी, त्यात थोडा जांभळा. इथे सगळे त्या रंगाला पीनट बटर-जेली म्हणतात. गळाला मागे डुकराच्या कातडीचा तुकडा. प्लॅस्टिक थंडीत लाकडासारखं होतं, कातडी मऊ राहते, म्हणून हॉलिसला कातडीच लागते. मी ती अक्रोडाच्या सालींत काळी करून खाऱ्या पाण्यात मुरवते आणि काकडीच्या लोणच्याशेजारी फ्रिजमध्ये ठेवते. त्या बरणीची तुझी ओळख आहेच. त्या थँक्सगिव्हिंगला तू अर्धी बरणी बिस्किटांबरोबर संपवलीस आणि म्हणालास, ताई, जरा चिवट आहे पण चव आईच्या हातची आहे. हॉलिस टेबलाखाली वाकून हसत होता. नंतर आठवडाभर तो तुला फोन करून विचारायचा, मासे मागे लागले का? सांगायचं ते हे, की इतके जिग बांधले, पण हिवाळ्यात एकही मी स्वतः पाण्यात सोडला नव्हता. उन्हाळ्यात मुलांना घेऊन जायचे. डिसेंबर त्याचा होता. त्याने कधी बोलावलं नाही, मी कधी विचारलं नाही. मी फार बोलते, आणि माझे पाय गारठतात.

गुरुवारी सकाळी तो म्हणाला, एमेटला देण्याआधी इंजिन एकदा पाण्यात चालवून बघायला हवं. बंद पडणारी बोट मेव्हण्याला दिली असं व्हायला नको. बोट उतरवताना दोरखंड धरायला दुसरं माणूस लागतं. तू येशील का, त्याने विचारलं. आणि पुढे म्हणाला, तुला त्रास नसेल तर. मी म्हटलं, त्रास आहे, पण येते. तो ट्रक सुरू करायला गेला तेव्हा मी शेडमध्ये बादली उलटी ठेवून तिच्यावर चढले आणि खुंटीवरची एक काठी काढली. ती हातात घेऊन ट्रकमध्ये बसले. त्याने काठीकडे पाहिलं. तुझी मर्जी, म्हणाला.

दुपार होती. थंड पाण्यात पहाटे जाण्यात अर्थ नसतो, उन्हाने खडक जरा तापू द्यावे लागतात. धक्क्यावर डेल्मर आमिषाच्या टाक्यांपाशी उभा होता. त्याने टोपी काढली आणि छातीवर धरली. हॉलिस, तू होय! मी तुझ्या दफनासाठी काळा कोट इस्त्री करून ठेवला होता रे. हॉलिस म्हणाला, ठेव तसाच, तुझ्याच उपयोगी पडेल. एप्रिलनंतर त्याच्या तोंडून आलेलं हे पहिलं खोचक वाक्य, आणि ते डेल्मरच्या वाट्याला गेलं याचं मला वाईट वाटलं. डेल्मरने मग माझ्या हातातली काठी पाहिली. आणि बाईसाहेब कुठे? झाडं उपटायला? मी म्हटलं, तुझ्या दुकानातल्या माशांपेक्षा ताजे मासे आणायला. तो म्हणाला, माझे मासे बारा महिने ताजे असतात, कारण ते कुणी घेतच नाही.

इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. हॉलिस डाव्या हाताने चाक धरून तळ्याच्या खाडीच्या तोंडापर्यंत गेला, परत वळला, कान लावून ऐकलं, ठीक आहे म्हणाला. तिथून घरी परतायला हवं होतं. मी म्हटलं, हॉलिस, घर सोडून जाणाऱ्या बोटीतून माझा एक तरी जिग मला पाण्यात टाकून बघू दे. आपण काय बांधतो ते बाईला कळायला नको का? ऊन किती उरलंय ते त्याने पाहिलं. मग इंजिन बंद केलं, पुढच्या खुर्चीवर जाऊन बसला, पायाने चालवायची छोटी मोटर पाण्यात सोडली आणि बोट पश्चिमेच्या काठाकडे न्यायला लागला. एका जागी थांबला. पडक्या घराच्या चिमणीचं टोक आणि टेकडीवरचा वीज पडलेला ओक एका रेषेत आले तिथे. एमेट, ही ती जागा. तू इतकी वर्षं त्याला विचारतोयस, बीअर पाजून विचारलंस, आणि तो तुला भलत्याच खाडीत पाठवत आला. दर जानेवारीत तो माशांना लपायला जागा म्हणून सीडरची झाडं सिमेंटच्या ठोकळ्यांना बांधून कुठे बुडवतो हे मलाही माहीत नव्हतं. आमची सगळी जुनी ख्रिसमसची झाडं तिथे खाली आहेत. मी ती कधी सजवली आणि त्याने ती कुठे नेली, हा विचार मनात आला आणि मी वाकून पाण्यात बघितलं. काही दिसलं नाही. पाणी शाळेच्या पाटीसारखं होतं.

मी जिग टाकला. तो बुडेपर्यंत दोरी सैल सोडायची, हे मला ऐकून माहीत होतं. तळाला टेकला. ओढला. काहीतरी लागलं. मी सगळ्या अंगाने काठी मागे खेचली. बोट डुलली. हॉलिस म्हणाला, ते झाड आहे. मी सोडवला, पुन्हा टाकला, पुन्हा काहीतरी लागलं, पुन्हा खेचली. तेही झाड आहे, तो म्हणाला. मी म्हटलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, मीच बुडवलंय. त्याला जबडा नाही. तिसऱ्या वेळी त्याने फक्त टोपी डोळ्यांवर ओढली. वारा आला. काठीच्या कड्यांत बर्फ धरायला लागला, तो मोडायला मी काठीचं टोक पाण्यात बुडवत होते. मग मला वाटलं, मी फार घाई करते आहे, आणि मी काहीच करायचं नाही असं ठरवलं. जिग तळाशी होता. मी हातमोज्यांत फुंकर घालत बसले, आणि वांडाच्या गुडघ्याबद्दल काहीतरी सांगायला लागले. हॉलिसने खुर्ची फिरवली होती. पाठ वाऱ्याकडे, तोंड माझ्याकडे. तो ऐकत असेल असं मला वाटलं.

ओलेटा, तो म्हणाला. दोरी.

मी म्हटलं, काय झालं दोरीला?

चालायला लागली.

मी पाहिलं. दोरी जिथे पाण्यात शिरत होती ती जागा खरंच सरकत होती, वाऱ्याच्या उलट दिशेने, अगदी सावकाश. माझ्या बोटाला काही नव्हतं. शपथेवर सांगते, काहीही नव्हतं. मी म्हटलं, मला तर काही लागत नाही. आणि हॉलिस उभा राहून ओरडला, अगं बाई, वांडाचा गुडघा राहू दे आणि झटका मार! मी झटका मारला. काठी वाकली आणि वाकलेलीच राहिली. तो ओरडत होता, वर धर, वर, टोक वर, झाडात जाऊ देऊ नकोस, रीळ फिरव, इतकं नको, तू लोणी घुसळतेयस का? मी ओरडत होते, तूच ये आणि धर. तो म्हणाला, मी कशाला, तुझा मासा आहे. मासा बोटीखाली गेला, परत आला, एकदा वर येऊन त्याने डोकं झटकलं, आणि त्याचं तोंड मला माझ्या पीठ मळायच्या भांड्याएवढं दिसलं. हातजाळी आम्ही आणलीच नव्हती, इंजिन बघायला आलो होतो ना. हॉलिस बोटीच्या कडेला गुडघ्यावर बसला, हात खाली घातला आणि अंगठा माशाच्या तोंडात देऊन त्याला खालच्या जबड्याने वर उचललं.

उजवा हात होता. आयुष्यभर ज्या हाताने मासे उचलले तोच पुढे गेला. मासा मोठा होता आणि लोंबकळून झटके देत होता. त्याच्या तोंडात दात म्हणजे नुसता खरखरीत कागद. हॉलिसने गळ काढला, मासा माझ्यापुढे धरला, मला त्याला हात लावायला लावलं, मग पाण्यात धरून ठेवला आणि शेपटी हलल्यावर सोडून दिला. तेव्हा मी त्याचा अंगठा पाहिला. सालटं निघालं होतं, रक्त मनगटापर्यंत आलं होतं. मी म्हटलं, हॉलिस, तुझा अंगठा. तो अंगठ्याकडे बघत राहिला. वाटलं, आता तो पुन्हा सभ्य होणार. तो म्हणाला, या हाताचा एक तरी फायदा आहे. आणि हसला. मी रुमाल बांधत होते तोवर हसत होता, आणि हसताहसता म्हणाला, आता बस खाली आणि पुन्हा टाक, ऊन जायला आलंय.

मग त्याने मला धारेवर धरलं. दोरी फार सैल. दोरी फार ताठ. झाडाच्या पलीकडे टाक, झाडावर नको. बोलू नकोस. आता बोललीस तरी चालेल, पण हलू नकोस. दोनदा मला काही कळण्याआधी त्याला दिसलं, आणि त्यातला एक मासा मिळाला. एकदा मला कळलं आणि त्याला दिसलं नाही. मी ओरडून सांगितलं की हा माझा, पूर्णपणे माझा, आणि झटका मारला, आणि ते झाड होतं. एमेट, मला गारठ्याने पायाची बोटं जाणवत नव्हती आणि माझ्यावर सतत कुणीतरी खेकसत होतं, आणि मी मनात म्हणत होते, देवा, अजून थोडा वेळ. परतलो तेव्हा डेल्मर दिवा लावून धक्क्यावर थांबला होता. काय मिळालं? हॉलिस म्हणाला, तिला विचार, मी फक्त गाडीवान. घरी आल्यावर मी कॉफी केली, रोज करते तशीच. त्याने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, ओलेटा, तळ्याचं पाणी तू बरोबर आणलंस की काय?

रात्री जेवताना मी विषय काढला. म्हटलं, बोट ठेवू या. मी धरीन, तू बघ. त्याने काटा खाली ठेवला. बराच वेळ विचार केला, म्हणजे त्यालाही हवी होती, हे मला दिसलं. मग म्हणाला, एमेटला शब्द दिलाय. मी म्हटलं, एमेट माझा भाऊ आहे, मी त्याला विचारते. तो म्हणाला, विचारायचं नाही. दिलेली वस्तू परत मागणारा माणूस मी नाही. तुला माहीत आहे हे कसं आहे. लग्नाच्या दिवशी त्याने आईला कबूल केलं होतं की तिच्या घरी ती जे वाढेल ते तो संपवेल. त्याला सलगम बघवत नाहीत. आई जाईपर्यंत दर रविवारी त्याने सलगम खाल्ले, आणि आई बिचारी म्हणायची, हॉलिसला फार आवडतात, त्याला अजून वाढा. शुक्रवारपासून तो शेडमध्ये आहे. बोटीला मेण लावतो आहे, तुझ्यासाठी. खुर्चीच्या फाटलेल्या कडा शिवल्या. माझी काठी पुन्हा खुंटीवर गेली. काल त्याला तिथे सँडविच नेऊन दिलं तर म्हणाला, आभारी आहे, ओलेटा.

म्हणून हे पत्र. फोन स्वयंपाकघरात आहे आणि तिथलं सगळं शेडमध्ये ऐकू जातं, नाहीतर फोनच केला असता. तुला ती बोट किती वर्षांपासून हवी आहे ते मला माहीत आहे, आणि तिच्यासारखी दुसरी बोट तुला मिळणार नाही हेही माहीत आहे. तरी मागते आहे. शुक्रवारी संध्याकाळी फोन कर आणि त्याला सांग की तुला बोट नको. कारण वांडाचं दे. वांडा म्हणते घरात एक तर बोट राहील नाहीतर मी, असं सांग. तो वांडाला घाबरतो, त्यामुळे विश्वास ठेवेल. वांडाला माझ्या वतीने सांग की तिच्या नावावर हे खपवल्याबद्दल मी तिची ऋणी आहे. बोट जुनी झाली असं म्हणू नकोस, त्याला लागेल. त्याच्या तब्येतीचं नाव काढू नकोस. आणि मी पत्र लिहिलं हे त्याला कळलं तर तो स्वतः ट्रक जोडून बोट टल्साला आणून तुझ्या दारात ठेवेल, तेव्हा हे वाचून झालं की शेगडीत टाक. नको म्हणालास की तो लगेच मानणार नाही. शब्द दिलाय, म्हणेल, अजून विचार कर. नको म्हण. मग थोडा वेळ थांबेल आणि हळूच विचारेल, अगदी नक्की ना, एमेट? त्या वेळी तुला सगळ्यात जड जाईल, तेव्हाही नको म्हण, आणि लगेच फोन ठेव. तो आनंदाने ओरडला तर तुला टल्सात फोनशिवाय ऐकू येईल.

तुझीच हावरी ताई,
ओलेटा